घंगाळात पडलेलं नाव

हिंगोली जिल्ह्यात मुद्दाम हिंडायला म्हणून कुणी जात नाही. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणारे येतात, पिशवीत प्रसाद टाकतात आणि मिळेल त्या गाडीनं पुढे जातात. मी जाते, कारण तिथून जवळच, जवळा बाजारला माझं माहेर आहे. लग्न होऊन चिपळूणला आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी इकडच्या शेजारणी अजून विचारतात, "तुमच्याकडे पाणी असतं का हो?" या खेपेला परत आल्यावर मी त्यांना सांगितलं की असतं, आणि नको तिथे शिरतं.

निमित्त भाचीच्या बारशाचं होतं. माझा धाकटा भाऊ संतोष मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. ज्या गावात मोठं पाणी म्हणजे विहीर, त्या गावातला हा मुलगा समुद्रावर खलाशांना डाळभात रांधून घालतो. मुलगी झाली तेव्हा तो जहाजावरच होता, बारशालाही पोचणार नव्हता. त्याची बायको ज्योती, माझी वहिनी, हिला आई नाही आणि माहेरी वडील एकटेच, म्हणून बाळंतपण आमच्या आईनंच केलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. तेवढ्यासाठी मी अर्धा महाराष्ट्र ओलांडून निघाले.

परभणी

परभणीच्या स्टँडवर हिंगोलीची गाडी लागायची होती. मी कटिंग चहा आणि गरम भजी घेऊन बाकावर बसले होते, तेवढ्यात संतोषचा निरोप आला. आवाजातला निरोप होता आणि त्याखाली दोन ओळी लिहिल्या होत्या: "ताई, ह्यात नाव आहे. पाळण्याजवळ उभी राहशील तेव्हाच ऐक. आधी ऐकलंस तर तुझ्या पोटात राहणार न्हाई."

भाऊ असला म्हणून काय झालं, असं तोंडावर कुणी लिहितं का? पण लिहिलं ते खरं होतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. नणंदेच्या डोहाळजेवणाची साडी मी तिला डोहाळजेवणाच्या आधीच रंगासकट सांगून टाकली होती. शिवाय आमच्याकडे नाव आत्यानं कानात सांगेपर्यंत कुणाला कळू देत नाहीत. चिपळूणला हल्ली नाव आधीच पत्रिकेवर छापतात आणि केकवरही लिहितात, मग आत्या कानात काय सांगते कोण जाणे. मी फोन पर्समध्ये टाकला आणि न ऐकता गाडीत बसले.

रस्ता चांगला झाला आहे. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती, तूर फुलावर होती, कापूस वेचणाऱ्या बायकांची डोकी तेवढी दिसत होती. हळदीची पानं अजून हिरवी होती. कोकणातून आलेल्या माणसाला इतकं सपाट आभाळ पाहून आधी बरं वाटतं आणि मग उगाचच डोळे मिटावेसे वाटतात. मी मिटले आणि थेट जवळ्याला उघडले.

घरी आईनं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल असं ताट पुढे केलं. मी दुसरी भाकरी मोडत असतानाच तिनं विचारलं, "नाव कळलं का?"

"आलंय, पण मी ऐकलं नाही."

"काहून?"

"संतोषनं बजावलंय."

आई म्हणाली, "ऐकून ठेव. न्हाई तर माझं ठरलेलं हाय. तनुजा. भटजीनं त अक्षर काढून दिलंय."

वहिनी बाळाला मांडीवर घेऊन पलीकडे बसली होती. ती दुपट्याची घडी मोडून पुन्हा घालत होती. ती तशी कमी बोलते, म्हणून मलाही त्यात काही वाटलं नाही.

जवळा बाजार, न्हाणीघर

बाळाला न्हाऊ घालायला शेजारच्या हलिमाबी येतात. आमच्या गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या पायावर न्हाली आहेत, त्यांत मी आणि संतोषही आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाय पसरून बसल्या, पायांवर बाळाला पालथं घातलं, तेलानं चोळलं आणि मला म्हणाल्या, "पानी डाल, बेटा. हळू डाल."

पितळी घंगाळात कढत पाणी होतं. मी ते बादलीत विसणून तांब्यानं घालत होते. मधेच बाळानं मान उचलून असं काही पाहिलं की मला वाटलं, एवढं तरी संतोषला दिसायला हवं. फोटो काढायला मी कमरेला खोचलेला फोन ओढला. हात ओले, तेलकट. फोन सटकला आणि घंगाळात बुडाला.

मी हात घातला, भाजला म्हणून काढला आणि परत घातला. फोन वर आला तेव्हा पडदा उजळलेला होता. मला हायसं वाटलं. लगेच तो काळा झाला. मग अशा वेळी माणसं करतात ते सगळं मी केलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. झटकला, फुंकला, परत बटण दाबलं.

हलिमाबींनी बाळाला दुपट्यात गुंडाळून वहिनीकडे दिलं आणि माझ्या हातातून फोन घेतला. "अगं माय, असं काहून करून राहिली? थंडी भरली त्याला. आन इकडं." न्हाणं झालं की बाळाला ओवा, शेपा आणि वेखंडाची धुरी द्यायची असते, त्यासाठी शेगडी तयारच होती. हलिमाबींनी बाळाच्या आधी माझ्या फोनला धुरी दिली. एक बाजू, मग दुसरी बाजू, थेट बाळाला शेकतात तशी. नंतर धुतलेल्या लंगोटात घट्ट गुंडाळून तो उन्हात बाजेवर ठेवला. मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा आधार वाटला.

चिपळूणला फोन भिजला की लोक तांदळाच्या डब्यात खुपसतात. इथे शेजारून आलेल्या प्रत्येकीनं वेगळं काही सांगितलं. एक म्हणाली ज्वारीच्या कोठीत घाल, दुसरी म्हणाली हळदीत, हळद ओल ओढते. आई म्हणाली, "फोन गेला तर गेला. तनुजा हाय की."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की फोन नाही, नाव बुडालं आहे. संतोषचं जहाज बंदर सोडून गेलं होतं. पुढचं बंदर येईपर्यंत त्याच्या फोनला रेंज नाही. जहाजावर एक फोन असतो, पण तो कप्तानाच्या हातात, आणि मुलीचं नाव काय ठेवायचं एवढ्यासाठी तो लागत नाही. बारसं उद्या होतं. घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडायचे होते, गल्लीत सांगून झालं होतं.

मी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काही बोलला होता का गं तो?"

तिनं बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. "मला काय माहीत, ताई," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "पर तुमी फोन बराबर करून आणा. आजच्या आज जा. मी हात जोडते."

हात जोडण्यासारखं काय आहे, असं मी म्हणणार होते. पण तिचे डोळे भरून आलेले दिसले. नवरा तिकडे समुद्रात, पहिलं लेकरू, त्यानं आवडीनं धाडलेलं नाव पाण्यात. वाईट वाटणारच. मी फोन लंगोटासकट पर्समध्ये घातला आणि निघाले.

हिंगोली

जवळ्याच्या मोबाईलवाल्यानं लंगोट सोडला, फोनचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "मी रिचार्ज करतो, काच लावतो," तो म्हणाला. "हे आपलं काम न्हाई. हिंगोलीला न्या. आणि ताई, आता बटण दाबू नका." आत्तापर्यंत किती वेळा दाबलं ते मी त्याला सांगितलं नाही.

औंढ्यावरून हिंगोलीला जाणाऱ्या काळीपिवळीत मला मधली जागा मिळाली. एका अंगाला कांद्याचं पोतं, दुसऱ्या अंगाला लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या मायलेकी. मांडीवरची पर्स मी दोन्ही हातांनी धरली होती. लेकीनं विचारलं, "मावशी, ओव्याचा वास कुठून येऊन राहिला?" मी म्हणाले, "फोनचा." मग सगळी हकीकत सांगावी लागली. हिंगोली येईपर्यंत आख्ख्या जीपला कळलं होतं की माझ्या भाचीचं नाव पर्समध्ये आहे आणि मला ते माहीत नाही. ड्रायव्हरनं मला स्टँडवर न सोडता थेट दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात सोडलं.

दुकान अझहर नावाच्या माणसाचं होतं. चाळिशीचा, भरपूर बोलणारा, स्वतःच्या कामावर बेहद्द खूश. टेबलावर उघडे फोन पसरलेले आणि मधोमध चहाचा ग्लास. त्यानं फोनची पाठ गरम करून उचकटली, भिंग लावून आत पाहिलं आणि मान वर केली.

"ह्याला तेल काहून लावलं?"

"मालिश करणाऱ्या बाईचे हात होते."

"आणि धूर?"

"धुरी दिली."

"बाळंतीण हाय का फोन?" तो म्हणाला. दुकानात चारपाच गिऱ्हाईकं होती, ती सगळी हसली. मलाही हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही. मी त्याला म्हटलं, "दादा, फोन मेला तरी चालेल. त्यातला एक निरोप हवा आहे." आणि पुन्हा सगळी हकीकत सांगितली.

तो ऐकताऐकता गंभीर झाला. "बॅकअप हाय का?"

"ते काय असतं?"

"मग न्हाई. सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तर नंबर चालू होईल, पण आलेला निरोप परत यायचा न्हाई. तो ह्याच्यातच हाय. ह्यालाच उठवावं लागंल."

मग त्याचं काम सुरू झालं. बॅटरी सोडवली. आतली हिरवी पट्टी काढली, तिच्या टोकांना आत्ताच गंज धरायला लागला होता. कसल्याशा उग्र वासाच्या पातळ द्रवात बुडवून दातांच्या ब्रशनं तो एकेक कोपरा घासत होता, मग गरम हवेचा झोत सोडत होता. बटण दाबून दाबून मी आत कुठे काय जाळलं ते तो मला उत्साहानं दाखवत होता. मला सगळं सारखंच दिसत होतं. "धुरीचं काय?" मी विचारलं. "धुरीनं डिंक ढिला झाला, पाठ लवकर निघाली. पण म्हणून बाकीच्यांना सांगू नका." चार्जिंगचा भाग बदलायला हवा होता, तो आणायला त्यानं कुणालातरी दुसऱ्या दुकानात पिटाळलं, आणि मला म्हणाला, "जेवून या. इथं बसून तुमी माझ्याकडं असं बघून राहिला की माझा हात कापतो."

मी समोरच्या खानावळीत गेले. शेवभाजी मागवली. चिपळूणला मागवली तर शेव पेरलेले पोहे येतील की काय अशी शंका येते, इथे मात्र तर्री आलेली, नाकातोंडातून पाणी काढणारी आली. एरवी मी दोन वाट्या संपवते. त्या दिवशी पहिलीच वाटी अर्धी राहिली. भावानं विश्वासानं एकच काम सांगितलं होतं आणि ते मी घंगाळात घातलं होतं. उद्या आई म्हणेल तनुजा, मी कानात सांगेन तनुजा, आणि कानात सांगितलेलं नाव मग फिरत नाही. वहिनीचे जोडलेले हात सारखे आठवत होते. मी पाणी पिऊन उठले.

परत आले तर फोनमधून थरथर ऐकू येत होती. पडदा उजळला. मधोमध उभी हिरवी रेघ आली होती, ती अझहरच्या गरम हवेची करणी होती आणि त्यानं ती कबूलही केली. खालचा अर्धा पडदा बोटाला दाद देत नव्हता. पण फोन जिवंत होता. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि चक्क रडले. एका गिऱ्हाइकानं मला पाणी दिलं.

"आता निरोप वाजवून बघू," अझहर म्हणाला. "कानाजवळचा स्पीकर गेलाय. खालचा मोठा चालतो का ते बघावं लागंल."

त्याचं बोट पडद्यावर टेकणार तोच मी त्याचा हात धरला. मोठ्यानं वाजला की सगळ्यांना ऐकू जाणार, आणि आत्यानं सांगायच्या आधी नाव कुणी ऐकायचं नसतं. मलाही ते पाळण्यापाशीच ऐकायचं होतं. पण अझहर म्हणाला, "ताई, पाणी शिरलेला फोन हाय. आत्ता चालू हाय. घरी जाईस्तोवर मी काही सांगत न्हाई. ऐकून घ्या." ते पटण्यासारखं होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला. "चला रे, सगळे बाहेर." गिऱ्हाईकं बाहेर गेली. शेवटी तोही गेला. शटर अर्धं खाली आलं. शटरखाली मला त्यांचे पाय दिसत होते, रस्त्याकडे तोंड करून रांगेत उभे. दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर माणसं उभी राहतात तसे ते सगळे उभे होते.

मी निरोप लावला. आधी नुसती घरघर आली, मग संतोषचा आवाज.

"ताई, मी इंजिनच्या वरच्या अंगाला उभा हाय, आवाज येईल, सांभाळून घे. नाव कावेरी ठेव. तिचंच नाव. लग्नात आपण काढून घेतलं ना, ते. आईला आधी कळलं तर आई ठेवू देणार न्हाई, म्हणून तुला सांगून राहिलो. ज्योतीनं आजवर माझ्याकडं काही मागितलं न्हाई, ताई. एवढंच मागितलं."

निरोप संपला. मी तो पुन्हा लावला नाही, गरज नव्हती.

संतोषच्या लग्नात मांडवातच वहिनीचं नाव बदललं होतं. तिचं माहेरचं नाव कावेरी, आणि आमच्या आजीचंही नाव कावेरी. आई म्हणाली होती, सासूच्या नावानं सुनेला भांडी घास कसं म्हणू? सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. ताटातल्या तांदळात संतोषनं अंगठीनं ज्योती असं लिहिलं, फोटो काढले आणि सगळे जेवायला बसलो. लग्नपत्रिकेवर छापलेलं ते नाव त्यानंतर मी एकदाही घेतलं नव्हतं. आज सकाळी तिला नाव ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर मला हिंगोलीला यावं लागलं नसतं. पण आमच्या घरात उभं राहून तिला तो बोलता येत नव्हता. मला तिची इतकी माया आली की तेवढ्या मायेत आईचा रागही आला.

मी शटर वर केलं. पायांचे धनी वळले. "कळलं?" अझहरनं विचारलं.

"कळलं."

"चांगलं हाय?"

"फार चांगलं आहे," मी म्हणाले. त्यापलीकडे एक अक्षर बोलले नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुन्हा जवळा बाजार

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच होती. "लागला का फोन? काय नाव?"

"उद्या."

"निदान अक्षर तरी सांग. त हाय का?"

मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि डिंकाचा लाडू तोंडात कोंबला. बाळंतिणीसाठी केलेला लाडू मी खाल्ला म्हणून आई रागावली आणि अक्षराचं विसरली. वहिनी बाजेवर बाळाला पाजत होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "झाला फोन." तिनं माझ्याकडे पाहिलं. ऐकलंत का, असं तिनं विचारलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तशी ती पटकन बाळाकडे वळली. त्या रात्री मी झोपेत बोलते का हे पाहायला आईनं मला आपल्या शेजारी निजवलं असावं, असा माझा दाट संशय आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरी बायकांनी भरली. घुगऱ्यांचा वास सुटला होता. हलिमाबी नवं लुगडं नेसून पुढेच बसल्या होत्या आणि फोन आपल्या धुरीनं उठला असं दोघीतिघींना सांगत होत्या. त्यात थोडं तथ्य होतं, म्हणून मी मधे पडले नाही. वहिनी पाळण्यामागे पाटावर बसली होती, हिरवी साडी, कानांवरून पदर. तिच्या तोंडाला रंग नव्हता.

पाळणे म्हणून झाले. मी वाकले. फोनची गरज नव्हती, तो पर्समध्येच राहिला. बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. ते ऐकून बाळानं जांभई दिली. माझ्या पाठीत बायकांचे धपाटे बसायला लागले. आत्यानं ते खायचेच असतात, पण जवळ्याच्या बायका कापूस वेचणाऱ्या, त्यांचा हात काही हलका नाही.

"मोठ्यानं सांग की," मागून कुणीतरी म्हणालं. "काय ठेवलं?"

आई साखरेची वाटी घेऊन माझ्या समोर उभी होती. तिच्याकडे पाहिलं असतं तर माझा धीर सुटला असता. मी पाळण्याची दोरी धरली आणि लेकराला हाक मारली, "कावेरी!"

"ओ," वहिनी म्हणाली.

तोंडातून गेलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. ज्यांना ठाऊक नव्हतं त्या बायका हसल्या, ज्यांना ठाऊक होतं त्या आईकडे बघायला लागल्या. आई वहिनीकडे बघत होती. वाटी तिच्या हातात तशीच होती. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार.

"तुला न्हाई गं, कावेरी," आई म्हणाली. "लेकराला हाक मारली ती."

वहिनीनं पुन्हा ओ दिली.